एक चूक पाहिजे

पहिला नकार आला तो ईमेलवर, आणि इतक्या गोड शब्दांत की दोनदा वाचल्यावर कळलं, नोकरी मिळालेली नाही. भेटून आनंद झाला, अनुभव उत्तम आहे, पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. फीडबॅक हवा असेल तर फोन करा. तिने फोन केला, आमच्या नॉटिंगहॅमच्या किचनमधून, स्पीकरवर, कारण मी तसं बजावलं होतं. पलीकडची बाई म्हणाली, "सगळं छान होतं हो. फक्त चौथ्या प्रश्नाला शून्य मार्क आहेत. तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा, असं आम्ही विचारलं, तर तुम्ही म्हणालात, झालेलीच नाही."

"बरोबर," ती म्हणाली.

"तर पुढच्या वेळी एखादी घेऊन या," बाई म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. मी ओरडले, "अहो, अकरा वर्षांत एकही चूक नाही अशी नर्स तुम्हाला नको? मग काय पाच-सहा पेशंट मारलेली हवी?" तेवढ्यात नवऱ्यानं पुढे होऊन फोन बंद केला. त्याचं हे नेहमीचंच आहे, ऐन रंगात येते तेव्हा फोन बंद करतो.

ती म्हणजे आमची लॉजर, घरातच राहणारी भाडेकरू. फिलिपिन्सची, वय छत्तीस, उंची माझ्या खांद्याला जेमतेम लागेल एवढी. वरच्या चिमुकल्या बॉक्सरूममध्ये राहायची. तिची नऊ वर्षांची मुलगी तिकडे आजीजवळ. रोज दुपारी ही इकडे सूप पीत असायची आणि फोनमध्ये ती पोर झोपायच्या कपड्यात शाळेतल्या गमती सांगत असायची. नर्स असूनही ही इथे केअर होममध्ये कामाला आली होती, कारण इथलं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन मिळवायला इथली परीक्षा द्यावी लागते. मला ती 'आते' म्हणायची, म्हणजे त्यांच्याकडची ताई. सासूबाईंना 'लोला', म्हणजे आजी.

त्या परीक्षेत पेशंट प्लास्टिकचा असतो. त्या पुतळ्याला नमस्कार करायचा, नाव विचारायचं, हात धरू का विचारायचं आणि उत्तराची वाट बघायची. न विचारता हात धरला की नापास. आता प्रॅक्टिसला पुतळा कुठून आणणार? सासूबाई बसल्या. एकोणऐंशी वर्षांच्या, सहा महिन्यांच्या व्हिसावर पुण्याहून आलेल्या, दिवसभर करायला काही नाही. त्यांना इंग्रजी येत नाही, तिला मराठी येत नाही, त्यामुळे पुतळ्याचं काम त्यांनी झकास केलं. ती पंचविसाव्यांदा "हात धरू का?" विचारायची, तेव्हा त्या डोळे मिटून म्हणायच्या, "धर की गं बाई, किती विचारशील!" ती पास झाली. रजिस्ट्रेशनचा पिन नंबर आला, ती इथलीही नर्स झाली, आणि तिने सगळ्या घराला त्यांच्याकडच्या शेवया खाऊ घातल्या.

आठवड्यानं तिच्या केअर होमचं परदेशी माणसं ठेवायचं लायसन गेलं. तिला पत्र आलं, साठ दिवसांत दुसरा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसाची हमी घेणारा मालक शोधा, नाहीतर देश सोडा. सरळ हिशोब होता. साठ दिवसांत हॉस्पिटलची नोकरी मिळाली तर मुलीला इकडे आणता येणार, नाही मिळाली तर इतक्या वर्षांची धडपड पाण्यात. मी फ्रिजवर साठ चौकोन आखले आणि रोज एक खोडायला लागले. तिने तसं सांगितलं नव्हतं, पण मला अशी कामं करायला आवडतात.

आणि आता अडलं होतं कशावर, तर एका चुकीवर!

तिच्याकडून काढायचा मी खूप प्रयत्न केला. "अगं, काहीतरी असेल. सलाइन उशिरा लावलंस? चुकीच्या बेडवर ट्रे ठेवलास?" ती मान हलवायची. "आते, मी सहा वर्षं आखातात होते. तिथे चूक झाली म्हणणारी नर्स पुढच्या आठवड्यात विमानात बसलेली असायची. चूक झालीच तर आम्ही ती गिळायचो." मला तिचं पटायचं. आमच्या घराण्यातही चूक कबूल करायची पद्धत नाही. माहेरी कप खळ्ळकन फुटला की सगळ्यांचं एकसाथ उत्तर, मी नाही, त्याला आधीच तडा होता. माझ्याबद्दल म्हणाल तर मी चुकत नाही. उगाच नम्रता कशाला! कौन्सिलच्या लायब्ररीत मी बारा वर्षं आहे, एक पुस्तक चुकीच्या शेल्फवर गेलेलं नाही. घरात चुका करायचं खातं नवऱ्याकडे आहे.

नवरा सॉफ्टवेअरवाला, त्याने लगेच स्प्रेडशीट उघडली. चूक, परिणाम, काय शिकलात, आणि शेवटचा रकाना गंभीरतेचा, एक ते दहा. त्याने स्वतःच्याच चौदा चुका भरल्या. त्यांतल्या नऊ मी सांगितल्या. पण सर्व्हर बंद पाडल्याचं उदाहरण नर्सला काय कामाचं! सासूबाईंना विचारलं, आयुष्यात काय चूक केलीत? त्या म्हणाल्या, "एकच. पण ते आता वारले."

शेवटी मीच मार्ग काढला. म्हटलं, चूक अशी सांगायची की ऐकणाऱ्याला कौतुक वाटलं पाहिजे. 'मी पेशंटची इतकी काळजी घेते की स्वतःचं जेवण विसरते.' झालं! चूकही झाली आणि वाहवाही. तिने ते पाठ केलं. तिला ते पटलं नव्हतं, हे मला तेव्हाही दिसत होतं, पण मी एकदा ठरवलं की घरात कुणी मध्ये पडत नाही.

दुसरा इंटरव्ह्यू साउथहॅम्प्टनला होता, शुक्रवारी. त्याच्या दोनेक आठवडे आधी सासूबाईंना चक्कर यायला लागली होती, सोफ्यावरून उठल्या की भिंत धरायच्या. मी त्यांना फैलावर घेत होते, "पाणी पीत नाही, नुसत्या बसून असता, चक्कर येणार नाही तर काय होणार!" त्यांच्या औषधांचं मी फार चोख करते. सात खणांचा डबा, दर शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतः बसून भरते, कुणाला हात लावू देत नाही. नुकत्याच नणंदेनं पुण्याहून येणाऱ्या कुणाबरोबर तरी नव्या स्ट्रिप्स पाठवल्या होत्या, त्यांतली हिरवी मी डब्यात सुरूही केली होती. सकाळी मी आठला निघते, म्हणून चहा आणि डबा सासूबाईंपुढे ठेवायचं काम तिनं आपणहून घेतलं होतं. त्या शुक्रवारी ती पहाटेच्या बसनं गेली, म्हणून गोळ्या मी दिल्या.

अकराच्या सुमाराला सासूबाई बाथरूममध्ये पडल्या. नवरा वरच्या खोलीत कॉलवर होता, धावत आला. हाड मोडलं नाही, गुडघा मात्र काळानिळा झाला. मी लायब्ररीतून टॅक्सी करून आले, बाथरूममध्ये एक नजर टाकली आणि गुन्हेगार ओळखला, बाथमॅट. तीन आठवड्यांपूर्वी घेतलेली. दुपारी मी ती ओली मॅट गुंडाळून काखेत मारली आणि दुकानात जाऊन काउंटरवर आपटली. पावती नव्हती. मॅनेजर कोवळ्या वयाचा, तो सहा वेळा सॉरी म्हणाला आणि रबरी खालच्या बाजूची नवी मॅट, वर एक साबणदाणी देऊन त्याने मला वाटेला लावलं.

संध्याकाळी ती परत आली. गुडघा बघितला, आणि बीपीचं मशीन घेऊन बसली. बसवून मोजलं, उभं करून मोजलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. मी पाठीवर हात ठेवून म्हटलं, "जाऊ दे गं, एक इंटरव्ह्यू गेला म्हणून काय झालं." मग मी डबा भरायला बसले तर नणंदेनं पाठवलेली हिरवी स्ट्रिप गायब! नवऱ्याला धारेवर धरलं, कारण वस्तू हरवणं हे त्याचंच काम. त्याने कचऱ्याचा डबा उपसला. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे गं आता. मला काही होत नाहीये." आणि खरंच, पुढे चक्कर आली नाही. मी शेजारीपाजारी सांगत सुटले, मॅट बदलली आणि चक्कर गेली.

साउथहॅम्प्टनचा नकार सोमवारी आला. आपण सांगितलेली चूक हा आपला गुण वाटतो, कृपया पुढच्या वेळी प्रत्यक्ष चूक आणावी. फ्रिजवर एकवीस चौकोन उरले होते.

तिसरा आणि बहुधा शेवटचा इंटरव्ह्यू आमच्या बसच्या रूटवरच्या हॉस्पिटलचा, व्हिडिओवर. आता मी धोका पत्करणार नव्हते. मी आणि नवऱ्यानं बसून एक चूक तयार केली. पेशंटनं पाणी मागितलं, मी दुसऱ्या बेडकडे गेले आणि विसरले, वीस मिनिटांनी आठवलं, माफी मागितली, तेव्हापासून मी हातावर लिहून ठेवते. गंभीरता तीन. नवऱ्याच्या मते चार. तालमीत सासूबाई पाणी मागायच्या आणि वीस मिनिटं थांबायची तयारी नसल्यामुळे दोन मिनिटांत स्वतःच उठून घ्यायच्या.

इंटरव्ह्यू किचनमध्ये झाला, कारण वायफाय तिथे चांगला. ती दाराकडे तोंड करून बसली, लॅपटॉप समोर. तिला धीर वाटावा म्हणून मी पॅसेजमध्ये दारामागे उभी राहिले. खरं सांगायचं तर ऐकायला उभी राहिले. पॅनेलवर दोन बायका आणि एक पुरुष होते. पहिले तीन प्रश्न तिने झकास मारले. मग एक बाई म्हणाली, "तुमच्या हातून झालेल्या एका चुकीबद्दल सांगा."

मी दारामागे पुटपुटले, "पाणी, पाणी."

"मी ज्या घरात राहते," ती म्हणाली, "तिथे एक आजी आहेत."

हे स्क्रिप्टमध्ये नव्हतं. अगं, आजी कुठून आल्या आता?

"त्या घरातल्या बाई माझ्याशी फार चांगल्या वागतात. आजींच्या गोळ्यांचा डबा त्याच भरतात. एका सकाळी मला दिसलं, रक्तदाबाची एकच गोळी डब्यात दोनदा आहे. दोन कंपन्या, दोन नावं, आत औषध तेच. आजींना दुप्पट डोस जात होता, म्हणून चक्कर येत होती. त्या दिवसापासून मी रोज एक गोळी डब्यातून काढून बरणीत ठेवायला लागले. बाईंना सांगितलं नाही. नवव्या दिवशी मी पहाटेच बाहेर गेले आणि आजी पडल्या. नऊ दिवस झाले, बरणीत गोळ्या आठ होत्या. नववी त्यांच्या पोटात गेली. त्या पडल्या ते माझ्यामुळे. मी पहिल्याच दिवशी बोलले असते तर पडल्या नसत्या. ही माझी चूक."

नववी गोळी मी दिली होती, माझ्या हातानं, वर 'पटकन घ्या, मला उशीर होतोय' असं खेकसून. आणि नणंदेचा स्ट्रिप्स पाठवतानाचा फोन आठवला. ती सांगत होती, जुन्या संपल्या की नव्या सुरू कर. मी तेव्हा नवऱ्यावर कशावरून तरी ओरडत होते.

"का सांगितलं नाहीत?" पॅनेलवरच्या बाईनं विचारलं.

"त्यांना चूक दाखवलेली आवडत नाही. त्या खूप रागावतात. आणि माझ्याकडे राहायला दुसरी जागा नव्हती."

"आता सांगितलंय?"

"नाही," ती म्हणाली. मग दाराखालच्या फटीकडे बघत, "आता कळलं असावं. त्या दारामागे आहेत. मला त्यांच्या स्लिपर्स दिसतायत."

पॅनेलवरच्या तिघांनी एकदम आपापल्या कागदांत बघितलं. मग तो पुरुष घसा साफ करत म्हणाला, "त्यांना आत यायला आवडेल का?"

काय करणार! दार ढकलून गेले. स्क्रीनच्या कोपऱ्यात मला माझंच तोंड दिसलं, एप्रन घातलेलं, लालभडक. सॉरी म्हणायचं होतं. देवाशप्पथ सांगते, तोच शब्द जिभेवर होता. बाहेर आलं ते भलतंच. "मी ती मॅट परत केली!" मी म्हणाले. "साबणदाणीसुद्धा आणली!"

"मॅटबद्दल आमच्याकडे प्रश्न नाही," पुरुष अतिशय नम्रपणे म्हणाला.

तेवढ्यात मागून काठीचा आवाज. मॅटवरून माझा ओरडा ऐकून काय ते ओळखलेल्या सासूबाई आल्या, हातात लोणच्याची रिकामी बरणी, आत आठ गोळ्या आणि गुंडाळलेली हिरवी स्ट्रिप. "माझ्या कपाटात ठेवली होती," त्या मला मराठीत म्हणाल्या, आणि बरणी कॅमेऱ्यासमोर धरून त्यांना येणारा एकमेव इंग्रजी शब्द ठणकावला, "थँक्यू."

"व्हेरी हेल्पफुल," बाई म्हणाली आणि लिहू लागली. "आपण पाचव्या प्रश्नाकडे वळू या का?"

मी सासूबाईंचा हात धरून पॅसेजमध्ये आले. न विचारता धरला. जिन्याच्या पायरीवर दोघी बसलो. मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं? पडायच्या आधीपासून?"

"नाही गं. पडले त्या संध्याकाळी तिनं दोन्ही स्ट्रिप्स शेजारी ठेवून बोटानं दाखवलं. रडत होती बिचारी."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू ओरडली असतीस."

"तुमच्यावर? मी तुमच्यावर कशाला ओरडेन?"

"माझ्यावर नाही. तिच्यावर. माझ्या डब्याला हात का लावलास म्हणून. आणि खोली खाली कर म्हणाली असतीस. तिला एक नोकरी शोधायची होती, त्यात घर कुठे शोधणार होती?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. म्हणवेना. मी तसं केलं असतं का, ते मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. बाथरूममध्ये जाऊन मी रबरी मॅटवर बसून ढसाढसा रडले. लाज वाटत होती, आणि भीतीही. गोळीची चूक लपवणारी नर्स कोण घेणार? तिची नोकरी गेली असती तर ती माझ्या जिभेपायी गेली असती. माझ्या घरात दोन शहाण्या बायकांना एक गोळी माझ्यापासून लपवून बरणीत ठेवावी लागत होती.

दोन दिवसांनी फोन आला. स्पीकरवर ठेव असं मी म्हणाले नाही, तिनेच ठेवला. नोकरी मिळाली होती. चौथ्या प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क. औषध डॉक्टरला न विचारता काढणं बरोबर नव्हतं, हे त्यांनी तिला स्पष्ट ऐकवलं. वॉर्डवर असं झालं तर आधी तोंड उघडायचं, मग हात लावायचा, हेही बजावलं. पण इतके उमेदवार बनवलेल्या चुका घेऊन येतात, बाई म्हणाली, ही पहिली खरी होती. आणि फोन ठेवता ठेवता तिने विचारलं, "त्या आता बऱ्या आहेत ना?"

"लोला? हो, छान आहेत."

"त्या नाही हो. त्या दुसऱ्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नवऱ्यानं तर तोंड फिरवून हसून घेतलं. ती तिच्या मुलीला फोन करायला वर पळाली आणि तिथून ऐकू आलेलं रडं कुणाचं होतं, आईचं की पोरीचं, ते कळलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी मी डबा घेऊन टेबलाशी बसले. या वेळी त्या दोघींनाही बोलावलं. एका बाजूला ती, एका बाजूला सासूबाई. मी खण भरत गेले. गुरुवारच्या खणाशी आले तेव्हा ती खुर्चीत चुळबुळली. दोनदा तोंड उघडून मिटलं.

"बोल," मी म्हटलं.

"आते, बुधवारी कॅल्शियम दोनदा पडलंय."

बघितलं. खरंच पडलं होतं. माझ्या घशाशी आलं होतं की त्या गोळ्या आधीच एकमेकींना चिकटलेल्या होत्या. ते गिळलं. जादाची गोळी उचलून बाटलीत टाकली आणि म्हटलं, "चुकलं माझं."

सासूबाईंनी कानामागे हात धरला. "काय म्हणालीस? ऐकू नाही आलं."

त्यांना ऐकायला कमी येतं हे खरं, पण एवढंही नाही. मी परत म्हणाले. मोठ्यानं.